कच्चा खर्डा आणि पक्के दप्तर

कागद जपून ठेवणे ही एक विद्या आहे आणि जपलेला कागद हवा त्या वेळी हाती लागणे ही दुसरी. पहिली विद्या मराठी मुलखात पूर्वापार आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल बांधून ठेवलेले होते. परंतु त्यांतून नेमका हवा तो कागद काढणे हे एका माणसाचे काम नव्हते. बडोद्याच्या गायकवाड सरकारच्या नोकरीत उमेदीची वर्षे घालविलेले रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्याकडे त्या दप्तरातून वेचे काढण्याचे काम आले, तेव्हा १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. एवढे श्रम का पडावेत? कारण उघड आहे. दप्तर लावणाऱ्या कारकुनाचा हेतू निराळा असतो आणि दप्तर वाचणाऱ्या अभ्यासकाचा प्रश्न निराळा असतो. कारकून आपल्या खात्याच्या सोयीने कागद लावतो. अभ्यासक मात्र एखाद्या माणसाविषयी, एखाद्या गावाविषयी किंवा एखाद्या दुष्काळाविषयी विचारतो, आणि त्याचे उत्तर दहा खात्यांच्या रुमालांत विखुरलेले असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हीच अडचण अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञांपुढे नव्या वेषात उभी राहिली. ती त्यांनी कशी सोडविली, आणि सोडविताना टाकून देण्यासाठीच तयार केलेल्या एका कच्च्या नमुन्याने केवढे काम केले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. आज बँकेतील खाते, आगगाडीचे आरक्षण, शाळेचा निकाल, शेताचा उतारा यांपैकी काहीही घेतले तरी त्यामागे माहितीचे एक मांडलेले भांडार असते. त्यालाच डेटाबेस म्हणतात. त्या भांडाराची आजची घडी ज्या थोड्या वर्षांत बसली, त्या वर्षांची ही हकीगत आहे.

१९५६ साली इंटरनॅशनल बिझनेस मशीन्स, म्हणजेच आयबीएम या कंपनीने फिरत्या चुंबकीय तबकड्यांवर माहिती साठविणारे रॅमॅक नावाचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या पन्नास तबकड्यांवर मिळून सुमारे पन्नास लाख अक्षरे मावत. त्यापूर्वी माहिती छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवर किंवा चुंबकीय फितीवर असे, आणि फितीवरील शेवटची नोंद वाचायची तर आधीच्या सगळ्या नोंदी ओलांडून जावे लागे. तबकडीमुळे हवी ती नोंद एकदम गाठता येऊ लागली. साहजिकच पुढचा प्रश्न आला, की नोंदी एकमेकींशी जोडायच्या कशा?

या प्रश्नाची दोन उत्तरे प्रथम पुढे आली. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बाखमन यांनी १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एक पद्धत बसविली. तीत प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता लिहून ठेवलेला असे. अशा पत्त्यांच्या दोऱ्यांनी सर्व भांडार कोळ्याच्या जाळ्यासारखे विणलेले असे. दुसरे उत्तर चंद्रावर माणूस पाठविण्याच्या अपोलो योजनेतून निघाले. त्या अवाढव्य यानाच्या सुट्या भागांची मोजदाद ठेवण्यासाठी आयबीएमने इतर कंपन्यांच्या सहकार्याने आयएमएस नावाची व्यवस्था उभी केली. १९६८ साली ती कॅलिफोर्नियात प्रथम चालू झाली. तिची मांडणी वंशावळीसारखी होती. यानाच्या पोटी त्याचे मोठे भाग, मोठ्या भागांच्या पोटी लहान भाग, आणि लहान भागांच्या पोटी खिळे आणि चकत्या. यंत्राचे भाग मोजण्यास ही मांडणी अत्यंत सोयीची होती. आयएमएस आजही अनेक मोठ्या पेढ्यांत चालू आहे, यावरून तिची मजबुती ध्यानात येईल.

परंतु दोन्ही पद्धतींत एक समान दोष होता. भांडारातून काही काढायचे म्हणजे त्यातील वाटा पाठ असाव्या लागत. अमुक नोंदीपाशी जा, तेथून तमुक दोरा धर, मग तिसऱ्या वळणावर थांब, असे सारे मार्गदर्शन कार्यक्रम लिहिणाऱ्या तज्ज्ञाला करावे लागे. व्यवस्थापकाने एखादा नवा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर मिळण्यास तज्ज्ञाचे अनेक दिवस खर्ची पडत. त्याहून वाईट गोष्ट अशी, की भांडाराची रचना थोडी बदलली की जुन्या वाटा मोडत आणि त्या वाटांवरून चालणारे सगळे कार्यक्रम पुन्हा लिहावे लागत. दप्तर एकाच्या सोयीने लावलेले आणि प्रश्न दुसऱ्याचा, हीच ती जुनी पीडा होय.

या दोषावर ज्याने नेमके बोट ठेवले तो गणिती एडगर कॉड. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टलंड बेटावर १९२३ साली त्याचा जन्म झाला. वडील कातड्याचे कारखानदार, आई शाळेत शिक्षिका. ऑक्सफर्डला शिक्षण, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश विमानदळात वैमानिकाचे काम, त्यानंतर अमेरिकेत आयबीएमची नोकरी, असा त्याचा प्रवास झाला. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांच्या प्रभावाखाली संशयाचे वातावरण पसरले, तेव्हा तो काही वर्षे कॅनडात जाऊन राहिला. पुढे परत येऊन त्याने मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे कंपनीच्या संशोधनशाळेत तो रुजू झाला. १९६९ साली कंपनीच्या अंतर्गत अहवालात आणि १९७० सालच्या जून महिन्यात एका विद्वन्मान्य नियतकालिकात त्याने आपला सिद्धांत मांडला.

सिद्धांत ऐकताना अगदी साधा वाटतो. सर्व माहिती साध्या कोष्टकांत ठेवावी. कोष्टकाची प्रत्येक ओळ म्हणजे एक नोंद, आणि प्रत्येक रकाना म्हणजे त्या नोंदीचा एक गुण. एका कोष्टकाचा दुसऱ्याशी संबंध जोडायचा तो लपविलेल्या दोऱ्यांनी जोडू नये; दोन्हीकडे लिहिलेल्या समान मजकुरावरून जोडावा. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला हे तत्त्व परके वाटू नये. सातबाराचा उतारा म्हणजे वस्तुतः दोन निरनिराळे नमुने आहेत. गाव नमुना सात जमिनीवरील हक्क सांगतो आणि गाव नमुना बारा तिच्यातील पिके सांगतो. दोन्हींवर एकच भूमापन किंवा गट क्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाच्या आधारानेच ते शेजारी शेजारी बसतात. गोव्यातील एक-चौदाचा उतारा असाच दोन नमुन्यांचा आहे, आणि बेळगावकडच्या पहाणीपत्रकातही हक्क, कूळ व पीक यांची माहिती एका क्रमांकाखाली येते. समान क्रमांकावरून दोन कोष्टके जुळविण्याची ही जी क्रिया, तिला कॉडने गणिताची शिस्त लावली. पुढे तो म्हणाला की मागणाऱ्याने आपल्याला काय हवे तेवढेच सांगावे. ते कोणत्या वाटेने शोधायचे ही चिंता यंत्राने करावी.

येथेच वादाला तोंड फुटले. जाणत्या मंडळींनी आक्षेप घेतला की हे सारे कागदावर शोभून दिसेल, परंतु प्रत्यक्षात चालणार नाही. वाट ठाऊक असलेला माणूस जेवढ्या झपाट्याने नोंद काढील तेवढ्या झपाट्याने यंत्र आपल्या बुद्धीने वाट शोधू शकेल काय? लाखो ओळींची दोन कोष्टके जुळवायची तर यंत्र तासन् तास घुटमळत राहील, असे त्यांना वाटे. शिवाय खुद्द आयबीएमची आयएमएस जोरात खपत होती. जी वस्तू खपते तिच्या मुळावर येणारा विचार आपल्याच घरात उपजावा, हे कोणत्याही कंपनीला सहजासहजी रुचणारे नाही. १९७४ साली मिशिगनमधील ॲन आर्बर येथे भरलेल्या परिषदेत कॉड आणि बाखमन हे दोघे आपापल्या मतांचा पुरस्कार करीत समोरासमोर उभे राहिले. बाखमन यांना त्याच्या आदल्याच वर्षी संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळालेला होता. वाद रंगला, पण निकाल लागला नाही; आणि तो लागणे शक्यही नव्हते. एका बाजूला चालती यंत्रे होती, दुसऱ्या बाजूला केवळ सिद्धांत होता. सिद्धांताचे खरेखोटेपण व्यासपीठावर ठरत नाही. त्याला काहीतरी बांधून दाखवावे लागते.

तसे बांधण्याचे काम सॅन होजे येथे सुरू झाले होते. त्या योजनेला सिस्टिम आर असे नाव होते. योजनेचे तीन टप्पे करण्यात आले, आणि पहिल्या टप्प्याला कार्यकर्त्यांनी मोठ्या अर्थपूर्णतेने 'शून्य' हा क्रमांक दिला. १९७४ आणि १९७५ ही त्याची वर्षे. या टप्प्यात जे तयार होईल ते टाकून द्यावयाचे, असा निश्चय आरंभीच झालेला होता. जुन्या पेढीवरचा मुनीम पक्क्या वहीत ओळ उतरविण्यापूर्वी कच्च्या वहीत आकडेमोड करून पाही. शून्य टप्पा म्हणजे तशीच कच्ची वही. तो एका वेळी एकाच माणसाला वापरता येई. दोघांनी एकदम नोंद बदलली तर काय, मध्येच वीज गेली तर काय, या प्रश्नांना त्यात हातच घातलेला नव्हता. नोंदी साठविण्याचे खालचे यंत्रही नवे केले नव्हते. रेमंड लोरी यांनी पूर्वी केलेले एक साधन तात्पुरते उसने घेतले होते. सगळे लक्ष एकाच गोष्टीवर होते: माणसाने साध्या वाक्यात मागणी करावी आणि यंत्राने तिची वाट आपण होऊन शोधावी, हे जमते की नाही.

साध्या वाक्यात मागणी करण्याची भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस या दोन तरुणांनी घडविली होती. १९७२ साली कॉडची मांडणी ऐकल्यावर हे दोघे तिच्याकडे ओढले गेले. आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यापेक्षा अधिक पगार मिळविणारे नोकर कोण, यासारखा प्रश्न जुन्या पद्धतीत कार्यक्रमाचे लांबलचक भेंडोळे मागे. कॉडच्या पद्धतीत तो एका ओळीत मावे. परंतु कॉडची ओळ गणिताच्या चिन्हांनी भरलेली असे आणि ती चिन्हे टंकयंत्राच्या कळपाटावरही नसत. चेंबरलिन आणि बॉइस यांनी तोच आशय साध्या इंग्रजी शब्दांत आणला. या भाषेचे पहिले नाव सीक्वेल होते. ते नाव दुसऱ्या एका कंपनीने आधीच नोंदविलेले असल्यामुळे पुढे ते आखडून एसक्यूएल असे झाले. १९७४ साली दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी बॉइस यांना ऐन तारुण्यात अकस्मात मृत्यू आला. आपल्या भाषेचा जगभर झालेला प्रसार त्यांना पाहावयास मिळाला नाही. कोष्टके निर्दोष करण्याच्या एका नियमाला मात्र बॉइस आणि कॉड या दोघांची नावे कायमची जोडली गेली आहेत.

शून्य टप्प्याने कार्यकर्त्यांना काय शिकविले, ते पाहण्यासारखे आहे. उसन्या साधनात प्रत्येक ओळीत प्रत्यक्ष मजकुराऐवजी त्या मजकुराचा पत्ता ठेवलेला असे आणि मजकूर दुसरीकडे असे. कागदावर ही युक्ती काटकसरीची दिसली होती, कारण तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागत नव्हता. परंतु यंत्र चालू केल्यावर दिसून आले की एक ओळ वाचण्यासाठी तबकडीवर अनेकदा खेपा घालाव्या लागतात. धडा मिळाला की मजकूर ओळीतच असावा. दुसरा धडा वाटा निवडण्याविषयी होता. जी वाट कमीत कमी ओळी काढते ती उत्तम, असे आधी मानले होते. अनुभवाने कळले की खरा खर्च ओळींचा नसून तबकडीपर्यंतच्या खेपांचा असतो, आणि यंत्राच्या मेंदूचा वेळही मोजावा लागतो. तिसरा धडा असा, की दोन कोष्टके सरळ जुळविण्याची क्रिया कच्च्या नमुन्यात वगळली होती, ती पक्क्या यंत्रात अत्यावश्यक आहे. आणि चौथा धडा सर्वांत शहाणपणाचा होता: नवलाईचे गुंतागुंतीचे प्रश्न सोडविण्याच्या भरात रोजच्या साध्या प्रश्नांना यंत्राने उशीर लावू नये. यांपैकी एकही धडा केवळ विचार करून मिळाला नसता असे नाही. परंतु तो मिळाला असता तो पक्के यंत्र बांधून झाल्यावर, आणि मग भिंती पाडण्याचा खर्च कितीतरी पट झाला असता.

याच सुमारास आणखी एक परीक्षा झाली आणि ती यंत्राची नव्हती. फिलिस रायझनर या संशोधिकेने सॅन होजे येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ही नवी भाषा शिकविली आणि त्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या. काही विद्यार्थ्यांना संगणकाचा परिचय होता, काहींना मुळीच नव्हता. कोठे ते अडखळतात, कोणत्या चुका पुन्हा पुन्हा होतात, याची तिने टाचणे केली आणि त्यांचा उपयोग भाषा सुधारण्याकडे झाला. ज्या काळी यंत्र करणारा माणूस वापरणाऱ्यालाच अडाणी ठरवून मोकळा होई, त्या काळी चुकीचा दोष विद्यार्थ्याकडे न देता भाषेकडे शोधावा, ही दृष्टी नवी होती. एकाच ठिकाणी वर्गातील पुष्कळ मुले चुकू लागली म्हणजे चाणाक्ष शिक्षक मुलांऐवजी आपला धडा तपासतो, त्यातलाच हा प्रकार.

शून्य टप्प्यातील रचना ठरल्याप्रमाणे टाकून देण्यात आली. १९७६ आणि १९७७ या वर्षांत पक्के यंत्र नव्याने बांधले गेले. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांचे सहकारी यांनी वाटा निवडण्याचे गणित बसविले. कोष्टकात किती ओळी आहेत, कोणत्या रकान्याची सूची तयार आहे, यांचा अंदाज घेऊन प्रत्येक वाटेचा खर्च आधीच मांडायचा आणि स्वस्तातली वाट धरायची. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातील पद्धत आजही या विद्येचा पाया मानली जाते. लोरी यांनी सुचविले की मागणीचे वाक्य दर वेळी नव्याने उलगडण्यापेक्षा एकदाच यंत्राच्या भाषेत उतरवून ठेवावे. त्यामुळे रोजच्या मागण्यांना गती आली. जिम ग्रे आणि इतरांनी व्यवहाराचे नियम पक्के केले. एका खात्यातून शंभर रुपये काढून दुसऱ्यात भरायचे असतील, तर दोन्ही क्रिया पूर्ण व्हाव्यात किंवा एकही होऊ नये. आणि ते चालू असता तिसऱ्याने मध्ये हात घालू नये. शून्य टप्प्यात जाणूनबुजून बाजूला ठेवलेले हे प्रश्न आता त्यांच्या योग्य जागी आले.

तिसरा टप्पा १९७८ आणि १९७९ चा. या टप्प्यात यंत्र संशोधनशाळेच्या बाहेर गेले. कंपनीच्या इतर कचेऱ्यांत आणि काही निवडक गिऱ्हाइकांकडे ते प्रत्यक्ष कामाला लावण्यात आले. विमानांची इंजिने करणारी प्रॅट अँड व्हिटनी ही कंपनी त्यांपैकी एक होती. वापरणाऱ्यांनी लगेच आपल्या गरजा सांगितल्या. एखाद्याचे पूर्ण नाव आठवत नाही, परंतु आरंभीची अक्षरे ठाऊक आहेत, अशा वेळी शोधता यावे ही मागणी त्यांतलीच. ती भाषेत सामील झाली आणि आजही रोज वापरली जाते. काही दोषही उघडे पडले. ज्या कुलपाची सगळ्यांनाच वारंवार गरज लागे, ते धरून बसलेल्या कामाला संगणकाने मध्येच थांबविले की मागे इतर कामांची रांग लागे, आणि एकदा लागलेली रांग लवकर मोडत नसे. अरुंद पुलावर एक बैलगाडी अडली म्हणजे मागे गाड्यांचा तांडा थांबावा, तसे ते होई. कार्यकर्त्यांनी तो दोष शोधून त्यावर उपाय केला. अपघातानंतर माहिती पूर्ववत करण्यासाठी त्यांनी जी पद्धत निवडली होती ती मोठ्या भांडाराला महाग पडते, हेही त्यांच्या ध्यानात आले. विशेष असे की १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासवजा निबंधात त्यांनी यशाबरोबर हे चुकलेले निर्णयही मोकळेपणाने लिहून ठेवले. त्या लेखनाचे मोल यंत्राहून कमी नाही.

सॅन होजेपासून फार दूर नसलेल्या बर्कली येथील विद्यापीठात याच काळात दुसरी एक मंडळी त्याच वाटेने चालली होती. मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग या प्राध्यापकांनी कॉडचे निबंध वाचून १९७३ च्या सुमारास इंग्रेस नावाची व्यवस्था करावयास घेतली. त्यांच्याजवळ लहान संगणक होता, आणि कामाला विद्यार्थी होते. विद्यार्थी येत, शिकत, आणि पदवी घेऊन जात. त्यांनी आपला नमुना टाकून न देता फितींवर उतरवून इतर विद्यापीठांना वाटला, आणि येणाऱ्या तक्रारींनुसार तो सुधारीत नेला. एका ठिकाणी खर्डा फाडून पुन्हा लिहिण्याची रीत, तर दुसऱ्या ठिकाणी खर्ड्यावरच दुरुस्त्या करीत जाण्याची. दोन्ही रीतींनी एकच गोष्ट सिद्ध झाली, की कॉडचा सिद्धांत चालतो. १९८८ साली संगणकतज्ज्ञांच्या अमेरिकी संस्थेने सिस्टिम आर आणि इंग्रेस या दोहोंना एकत्र सन्मानित केले, ते उचितच झाले.

परंतु फळ कोणी चाखले? आयबीएमचे संशोधक आपले निबंध उघडपणे प्रसिद्ध करीत होते, आणि कंपनी मात्र माल बाजारात आणण्यास धजत नव्हती. ते निबंध वाचून १९७७ साली कॅलिफोर्नियात लॅरी एलिसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक लहानशी कंपनी काढली आणि १९७९ साली ओरॅकल नावाने एसक्यूएल भाषेची व्यवस्था विकावयास काढली. आयबीएमचा स्वतःचा माल १९८१ साली आला, आणि तिची डीबी टू ही मोठी व्यवस्था १९८३ साली. ज्या घरात बीज रुजले त्या घराच्या आधी शेजाऱ्याने पीक काढले. एसक्यूएल ही भाषा १९८६ साली अमेरिकेत आणि १९८७ साली जगात प्रमाण म्हणून मान्य झाली. कॉडला १९८१ साली ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तरीही त्याचे समाधान झाले नव्हते. बाजारात विकल्या जाणाऱ्या व्यवस्था आपल्या सिद्धांताशी पुरत्या इमानी नाहीत असे त्याचे मत होते, आणि १९८५ साली त्याने खऱ्याखोट्याच्या पारखीसाठी नियमांची एक यादीच प्रसिद्ध केली. २००३ साली त्याचे निधन झाले.

या इतिहासातून एक व्यवहार्य बोध निघतो, आणि तो केवळ तज्ज्ञांपुरता नाही. माहितीचे भांडार उभारण्याची रीत आज ठरून गेली आहे. प्रथम वापरणाऱ्याची गरज विचारावी, मग वस्तू आणि त्यांचे संबंध यांचा आराखडा करावा, त्यावरून कोष्टके आखावीत, ती यंत्रावर बसवावीत, तपासावीत आणि मग कामाला लावावीत. पायऱ्या बिनचूक आहेत. अडचण पहिल्याच पायरीवर येते, कारण आपल्याला नेमके काय हवे हे माणसाला विचारून कळत नाही. काहीतरी समोर दिसले म्हणजे तो म्हणतो, हे नको, ते हवे. म्हणून कच्चा नमुना लवकर करून दाखविणे ही उधळपट्टी नसून काटकसर आहे. फ्रेड ब्रूक्स या विख्यात अभियंत्याने १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात सल्ला दिला होता की पहिली रचना टाकून देण्याच्या तयारीनेच करावी. वीस वर्षांनी त्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीत त्याने आपला सल्ला सुधारला आणि एकदाच सगळे टाकून पुन्हा बांधण्यापेक्षा थोडे थोडे करून वाढवीत जावे या रीतीला अधिक पसंती दिली. सॅन होजे आणि बर्कली येथील दोन रीतींचाच हा संवाद होय.

मात्र कच्च्या नमुन्यात एक धोका आहे आणि तो विसरून चालणार नाही. खर्डा नीटनेटका दिसू लागला की वरिष्ठांना मोह पडतो. पडद्यावर कोष्टक उमटले, प्रश्नाला उत्तर आले, मग आता थांबायचे कशाला, उद्यापासूनच चालू करा, असा हुकूम सुटतो. परंतु त्या खर्ड्यात दोघांनी एकदम लिहिल्यास काय याचा विचार नसतो, वीज गेल्यास काय याची तजवीज नसते. सिस्टिम आर मंडळींचे खरे कौतुक शून्य टप्पा बांधल्याबद्दल जितके आहे, तितकेच तो चालत असताना बाजूला ठेवल्याबद्दल आहे. जे आपल्या हातांनी उभे केले आणि जे चालतेही आहे, ते फाडून टाकण्यास मोठे धैर्य लागते. आणि ते फाडू देणारा वरिष्ठ मिळणे हे त्याहून दुर्मीळ.

आज गावोगावची दप्तरे यंत्रावर चढली आहेत आणि पुढेही चढत राहतील. जमिनीचा उतारा असो, शाळेचे जनरल रजिस्टर असो, देवळाच्या किंवा चर्चच्या नोंदवह्या असोत, त्यांत माणसांची नावे, हक्क आणि वारसा गुंतलेला असतो. एक रकाना चुकीचा आखला गेला तर एखाद्या विधवेला आपल्याच शेताचा हक्क शाबीत करण्यासाठी कचेरीचे उंबरे झिजवावे लागतील. म्हणून असे काम हाती घेणाऱ्यांनी प्रथम थोड्या खऱ्या नोंदींचा कच्चा नमुना करावा, तो तलाठ्यापुढे, कारकुनापुढे आणि उतारा मागावयास आलेल्या शेतकऱ्यापुढे ठेवावा, ते कोठे अडखळतात ते लिहून घ्यावे, आणि मग पक्क्या वहीला हात घालावा. सॅन होजेच्या मंडळींनी शून्यापासून आरंभ केला, त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. दप्तर लावणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याकडून एवढे घेण्यास हरकत नाही.